फुल रिंग नो-लिमिट पोकर: फ्लॉपच्या आधी आणि फ्लॉपनंतर काय खेळायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही दारव्हा-आर्णी पट्ट्यातले लोक. तूर, हरभरा उभा असतो तोवर रानडुकरांपायी रात्री शेतात जागल असते, आणि जागलीवर झोप येऊ नये म्हणून आमच्यापैकी आठ-दहा जण मोबाइलवर फुकटच्या चिप्सवर पोकर खेळायला लागलो. त्याला आता बरीच वर्षं झाली. आजूबाजूच्या गावांतली पोरं नव्यानं येऊन बसतात आणि तेच ते प्रश्न विचारतात. पानठेल्यावर तुकड्या-तुकड्यात सांगितलेलं डोक्यात राहत नाही, म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढलं. खेळ थोडक्यात असा: प्रत्येकाच्या हातात दोन पानं, आणि मध्ये सगळ्यांसाठी पाच पानं उघडतात. पहिली तीन एकदम, तो फ्लॉप; चौथं टर्न, पाचवं रिव्हर. प्रत्येक टप्प्याला बोलायची फेरी असते: चेक म्हणजे काही न लावता पुढं जाणं, कॉल म्हणजे समोरच्याएवढेच टाकणं, रेज म्हणजे वाढवणं. मध्ये जमलेल्या चिप्स म्हणजे पॉट. नो-लिमिट म्हणजे जवळ आहेत तेवढ्या सगळ्या चिप्स कधीही लावता येतात. ब्लाइंड म्हणजे पानं पाहण्याआधीच दोघांना टाकाव्या लागणाऱ्या चिप्स, छोटा तो स्मॉल आणि मोठा तो बिग. उदाहरणांत सगळीकडे ब्लाइंड ५०-१०० आणि प्रत्येकाजवळ १०,००० चिप्स धरल्या आहेत.

फुल रिंग म्हणजे नेमकं काय?

एका टेबलावर ९ किंवा १० जण. सहा जणांच्या टेबलाला सिक्स-मॅक्स म्हणतात आणि तो बराच वेगळा खेळ आहे. नेटवरचं बरंचसं शिकवणं सिक्स-मॅक्सचं असतं. ते जसंच्या तसं नऊ जणांच्या टेबलावर वापरलं की चिप्स जातात. माणसं जास्त म्हणजे कोणाच्या तरी हातात जबरदस्त पानं असण्याची शक्यता जास्त. या पानावरच्या बहुतेक उत्तरांचं मूळ या एका गोष्टीत आहे.

पैसे लावून खेळता येतं का?

नाही. ऑनलाइन गेमिंगचा केंद्रीय कायदा ऑगस्ट २०२५ मध्ये झाला. २० तारखेला लोकसभेत, २१ ला राज्यसभेत मंजूर झाला आणि २२ ला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे घेऊन असा खेळ चालवणं, त्याची जाहिरात करणं आणि त्यासाठी बँकेनं व्यवहार करणं, तिन्हीला मनाई आहे. चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा जुना वाद या कायद्यानं बाजूला ठेवला आहे. पैसा लागला की मनाई. खेळणाऱ्याला शिक्षा ठेवलेली नाही, पण एखादं बाहेरदेशी ॲप अजूनही पैसे घेत असेल तर तुमचे पैसे परत मिळवून द्यायला कोणी येणार नाही. समोरासमोर बसून पैशानं खेळाल तर महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायदा, १८८७ आहेच. पोळ्याच्या दिवसांत कुठे कुठे धाडी पडतात ते आपल्याला माहीत आहे.

मी स्वतः या कायद्याआधी पैसे लावून खेळलो आहे. एका वर्षी सोयाबीनची पट्टी हातात आली आणि त्यातली रक्कम दोन आठवड्यांत ॲपमध्ये गेली. घरी सांगायला मला चार महिने लागले. त्यानंतर फुकटच्या चिप्सशिवाय एकही हात खेळलेलो नाही, आणि खेळाची गोडी तसूभरही कमी झाली नाही. कोणाला पैसे लावल्याशिवाय चैन पडत नसेल, उसनवारी सुरू झाली असेल, तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. लाजू नका.

तीन पत्ती चांगली येते. ते ज्ञान इथं चालेल का?

हिंमत चालेल, क्रमवारी चालणार नाही. तीन पत्तीत सिक्वेन्स कलरपेक्षा मोठी. पोकरमध्ये कलर सिक्वेन्सपेक्षा मोठा. कारण साधं आहे: जे कमी वेळा येतं ते मोठं. तीन पानांच्या एकूण २२,१०० हातांत साध्या सिक्वेन्स ७२० आणि कलर १,०९६. पाच पानांत उलट होतं, सिक्वेन्स १०,२०० आणि कलर ५,१०८. आमच्याकडे नव्या माणसाची पहिली मोठी हार बहुतेक इथंच होते. सिक्वेन्स लागली म्हणून सगळं पुढं ढकलतो आणि समोरचा पाच बदाम दाखवतो.

दुसरी सवय ब्लाइंड चालीची. तीन पत्तीत न पाहता चाल करण्यात फायदा आहे, कारण पाहणाऱ्याला दुप्पट भरावं लागतं. पोकरमध्ये तसा काही फायदा नाही. पॅक करण्याला मात्र दोन्हीकडे एकच अर्थ, म्हणून खाली फोल्ड न म्हणता पॅकच म्हटलं आहे.

सीटला एवढं महत्त्व काहून?

बाजार समितीत कापसाचा लिलाव पाहिला असेल. व्यापारी गाडीवर येतात, बोंड हातात घेऊन धागा ताणून पाहतात, एक जण भाव बोलतो, दुसरा त्यावर पन्नास चढवतो. जो शेवटी बोलतो त्याला बाकीच्यांचा भाव आधीच कळलेला असतो. कोण माल घ्यायलाच आला आहे, कोण नुसता उभा आहे, हे त्यानं पाहिलेलं असतं. पहिल्यानं बोलणाऱ्याला यातलं काहीच माहीत नसतं. माल तोच, पण शेवटी बोलणाऱ्याची चूक कमी होते.

पोकरमध्ये डीलरचं बटण (दर हाताला एक सीट पुढं सरकणारी खूण) ज्याच्यापुढे आहे तो फ्लॉपनंतर प्रत्येक फेरीत शेवटी बोलतो. बिग ब्लाइंडच्या डावीकडचा, ज्याला अंडर द गन म्हणतात, तो फ्लॉपच्या आधी सगळ्यांत पहिला बोलतो. आता आकडे पाहा. एकूण दोन पानांचे १,३२६ हात होतात. त्यात एक्का, बादशहा, राणी यांच्या जोड्या मिळून १८ आणि एक्का-बादशहाचे १६, म्हणजे ३४ हात अगदी जड. तुम्ही पहिल्या सीटवर असाल तर मागे आठ जण आहेत, आणि त्यांतल्या कोणाजवळ तरी यांतलं काही असण्याची शक्यता साधारण १९ टक्के, पाच वेळांत जवळजवळ एकदा. बटणावर असाल आणि पुढचे सगळे पॅक झाले असतील तर मागे फक्त दोन ब्लाइंड. शक्यता ५ टक्के, वीस वेळांत एकदा. पानं तुमची तीच आहेत. धोका चौपट कमी झाला.

मग पहिल्या सीटवर काय खेळायचं आणि बटणावर काय?

पहिल्या सीटवर सगळ्या जोड्या, एक्का-दहेल्यापासून वरचे सुटेड एक्के (सुटेड म्हणजे दोन्ही पानं एकाच चिन्हाची), बादशहा-राणी, बादशहा-गुलाम, राणी-गुलाम आणि गुलाम-दहेला हे सुटेड, आणि वेगळ्या चिन्हांचे फक्त एक्का-बादशहा व एक्का-राणी. हे मोजलं तर १३४ हात होतात, १,३२६ पैकी १० टक्के. टेबल फार रेज करणारं असेल तर यातल्या दुर्रीपासून छक्कीपर्यंतच्या जोड्याही सोडा, मग १०४ उरतात.

मधल्या सीटवर यात थोडी भर घाला. बटणावर पुढचे सगळे पॅक झाले असतील तर ४० टक्क्यांपर्यंत हात रेज करता येतात: कुठलाही सुटेड एक्का, लागून असलेली सुटेड पानं, एक्का-नव्वी, बादशहा-दहेला असे वेगळ्या चिन्हांचे हातही.

वेगळ्या चिन्हांचा एक्का-गुलाम पहिल्या सीटवरून का नको, हे पोरं नेहमी विचारतात. एक्का लागला आणि समोर एक्का-बादशहा किंवा एक्का-राणी असली तर तुम्ही चारातून साधारण एकदाच जिंकता. आणि हारताना थोडं हारत नाही. जोडी मोठी दिसते म्हणून तिन्ही फेऱ्या पैसे भरत राहता.

पानं येतच नाहीत. किती वेळ पॅक करत बसू?

जेवढा वेळ लागेल तेवढा. मृगाचा पहिला सडाका पडला की बियाणं टाकायची घाई होते. कृषी विभाग दर वर्षी सांगतो की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत ओल उतरल्याशिवाय पेरू नका. ज्यानं घाई केली त्याच्या नशिबी दुबार पेरणी. पहिल्या सीटवर बादशहा-नव्वी घेऊन रेज करणं म्हणजे पहिल्या सडाक्यावरची पेरणी.

नऊ जणांच्या टेबलावर दहातले आठ हात पॅक करणं हे नेहमीचं आहे. तो वेळ रिकामा घालवू नका. आपण हातात नसतो तेव्हाच बाकीचे कसे खेळतात ते सगळ्यांत स्वच्छ दिसतं. ऑनलाइन टेबलावर तासाला साठ-सत्तर हात होतात, पत्ते वाटून खेळताना पंचवीस-तीस. म्हणजे मोबाइलवर वाट पाहणं त्या मानानं सोपंच आहे.

रेज न करता नुसता ब्लाइंडएवढा कॉल का नाही करायचा? स्वस्तात फ्लॉप दिसतो.

त्याला लिंप म्हणतात. तुम्ही पहिले आत येत असाल तर ३०० चा रेज करा, नाही तर पॅक करा. नुसत्या कॉलनं पॉट लगेच जिंकायची शक्यता संपते, आणि तुमच्यामागून चार जण येऊन बसतात. एक्क्यांच्या जोडीचंच घ्या. कुठल्याही एका हाताविरुद्ध ती ८५ टक्के जिंकते, पण आठही जण शेवटपर्यंत थांबले तर फक्त ३५ टक्के. इतकी मोठी जोडी गर्दीत घेऊन जाण्यात काय अर्थ आहे?

कोणी आधीच लिंप केलं असेल तर प्रत्येक लिंपमागे १०० वाढवून रेज करा. एक लिंपर असेल तर ४००. तुमच्याजवळ छोटी जोडी असेल आणि पुढे दोघं-तिघं लिंप झाले असतील तर मात्र मागून लिंप करायला माझी हरकत नाही.

छोट्या जोड्यांचं काय करू?

चौकीची जोडी घेऊन रेजला कॉल करताना आपण एकाच गोष्टीसाठी कॉल करतो: फ्लॉपवर तिसरी चौकी. ती साडेआठ वेळांत एकदा येते, ११.८ टक्के. आली तरी दर वेळी समोरचा सगळं देत नाही. म्हणून हिशोब असा ठेवा की कॉलची रक्कम समोरच्याच्या चिप्सच्या पंधराव्या भागाहून जास्त नको. रेज ३०० आणि त्याच्याजवळ १०,००० असतील तर खुशाल कॉल करा. त्याच्याजवळ २,००० च उरले असतील तर पॅक. तिसरी चौकी आली नाही आणि वर मोठी पानं पडली तर पुढं एक चिप टाकू नका. यात लाज नाही, ठरल्याप्रमाणेच झालं.

एक्का-बादशहा इतका मोठा हात, मग हारतो कसा?

कारण तो अजून जोडीही नाही. फ्लॉपवर जोडी किंवा त्याहून चांगलं काही तीनातून एकदाच लागतं, ३२ टक्के. फ्लॉपआधी जोरात रेज आणि पुन्हा रेज करायला तो उत्तम, कारण तुमच्याजवळ एक एक्का आणि एक बादशहा असल्यानं समोरच्याकडे त्यांच्या जोड्या असण्याची शक्यता निम्मी होते. पण फ्लॉप नव्वी-सत्ती-छक्की पडला, दोघं समोर आहेत, एकानं पैसे लावले आणि दुसऱ्यानं वाढवले, तर तुमच्या हातात एक्क्याशिवाय काही नाही हे मान्य करा.

माह्याजवळ बादशहाची जोडी होती, समोर एक्क्याची निघाली. पॅक करायला पाहिजे होतं का?

नाही. तुमच्याजवळ बादशहा असताना आठांपैकी कोणाकडे तरी एक्क्याची जोडी असण्याची शक्यता साधारण ४ टक्के, पंचवीस वेळांत एकदा. बिग ब्लाइंडच्या शंभरपट चिप्स जवळ असताना फ्लॉपआधी बादशहा पॅक करायची सवय लावून घेतली तर उरलेल्या चोवीस वेळांचं नुकसान होतं. हारल्याचं वाईट वाटणारच, मलाही वाटतं. हात मात्र बरोबर खेळला होता.

पुन्हा रेज, म्हणजे थ्री-बेट, किती आणि कधी?

त्यानं ३०० केले आणि तुम्ही त्याच्यानंतर बोलणार असाल तर ९०० ते १,०००. ब्लाइंडमध्ये असाल, म्हणजे पुढं तुम्हालाच आधी बोलायचं असेल, तर १,२००. पहिल्या सीटवरच्या रेजविरुद्ध राणीची जोडी आणि वर, एक्का-बादशहा, एवढ्यावरच राहा. बटणावरून नेहमी रेज करणाऱ्याविरुद्ध हात वाढवा, कधी सुटेड एक्का-पंजीसारखा हातही घाला. फ्लॉपआधी थ्री-बेटवरही कोणी पुन्हा वाढवलं आणि तो शांत खेळणारा माणूस असेल तर गुलामाची जोडीसुद्धा सोडून द्या.

बिग ब्लाइंडमध्ये अर्धे पैसे आधीच गेलेले असतात. कॉल करायलाच पाहिजे ना?

गेलेले पैसे तुमचे राहिलेले नाहीत, ते पॉटचे आहेत. हिशोब पुढच्या पैशाचा करा. बटणानं २५० केले, स्मॉल ब्लाइंड पॅक झाला. तुम्हाला १५० टाकायचे आहेत आणि पॉटमध्ये ४०० आहेत. १५० भागिले ५५०, म्हणजे २७ टक्के वेळा जिंकलात तरी बरोबरी. म्हणून बटणाच्या छोट्या रेजला बऱ्याच हातांनी कॉल करता येतो. पहिल्या सीटच्या ३०० च्या रेजला तसं नाही. तिथं त्याचे हात जड आहेत आणि फ्लॉपनंतर तुम्हालाच आधी बोलायचं आहे.

फ्लॉप पडला. रेज मी केला होता. दर वेळी पैसे लावू का?

आधी फ्लॉप पाहा, मग समोर किती जण आहेत ते पाहा.

बादशहा-सत्ती-दुर्री तीन वेगळ्या चिन्हांची पडली तर फ्लॉप कोरडा आहे. सिक्वेन्स नाही, कलर नाही. मोठे हात रेज करणाऱ्याकडेच जास्त असतात. एकटाच समोर असेल तर पॉटच्या एक तृतीयांशाएवढे लावा, बहुतेक वेळा चालतं. नव्वी-अठ्ठी-सत्ती, त्यात दोन बदाम, असा ओला फ्लॉप पडला तर तो कॉल करणाऱ्याचा आहे. त्याच्याकडेच दहेला-गुलाम, छक्की-पंजी, छोट्या जोड्या असतात. इथं एक्का-राणी घेऊन पैसे लावणं म्हणजे भर पावसात उघड्यावर कापूस ठेवणं. चेक करा.

समोर तिघं असतील तर काही लागल्याशिवाय लावूच नका. साधा हिशोब आहे. प्रत्येक जण निम्म्या वेळा पॅक करतो असं धरलं, तर तिघंही एकाच वेळी पॅक होण्याची शक्यता आठात एक. पॉटच्या निम्मे लावले तर तीनात एकदा तरी सगळे पॅक व्हायला हवेत. गणित बसत नाही.

कलरला एक पान कमी आहे. कॉल करू का?

एक सोपी रीत आहे. कामाची पानं मोजा. दोन पानं पडायची असतील तर चारनं गुणा, एकच पडायचं असेल तर दोननं. कलरला ९ पानं: फ्लॉपपासून शेवटपर्यंत ३५ टक्के, फक्त पुढच्या पानावर १९ टक्के. दोन्हीकडून उघड्या सिक्वेन्सला ८ पानं: ३१ आणि १७. मधलं एकच पान हवं असेल तर ४ पानं: साडेसोळा आणि साडेआठ.

चूक होते ती चार आणि दोनच्या निवडीत. फ्लॉपवर पॉट १,००० होता, त्यानं ५०० लावले. तुम्ही ५०० टाकून २,००० च्या पॉटसाठी खेळता, म्हणजे २५ टक्के लागतात. पोरं म्हणतात, ३५ आहेत ना, मग कॉल. पण ते ३५ टक्के दोन्ही पानं फुकट दिसली तरच. टर्नवर तो पुन्हा पैसे लावणार आहे. खरे तुमच्याजवळ आत्ता १९ आहेत. उरलेली तफावत भरून निघते ती कलर लागल्यावर त्याच्याकडून पुढं किती मिळेल यावरून. त्याच्याजवळ ८,००० आहेत आणि तो जोडी सोडत नाही, तर कॉल. त्याच्याजवळ ७०० च आहेत, तर पॅक. आणि तुमच्याकडे कलरचं सगळ्यांत मोठं पान नसेल तर नऊ जणांच्या टेबलावर जरा थांबून विचार करा.

एका जोडीवर किती दूर जायचं?

तुमच्याजवळ उरलेल्या चिप्स आणि पॉट यांचं प्रमाण पाहा. साधा रेज आणि बटणाचा एक कॉल झाला की पॉट ७५०, उरलेले ९,७००, प्रमाण तेरापट. एवढ्या खोल पाण्यात एका जोडीवर सगळं लागत असेल तर बहुतेक वेळा समोर जोडीहून मोठं काही असतं. थ्री-बेट होऊन १,००० ला कॉल झाला असेल तर पॉट २,१५०, उरलेले ९,०००, प्रमाण चारपट. तिथं मोठी जोडी घेऊन शेवटपर्यंत जाता येतं.

रिव्हरवर समोरच्यानं अचानक मोठे पैसे लावले तर काय समजायचं?

एक पूर्ण हात सांगतो. मागच्या हिवाळ्यात जागलीवर असताना खेळलेला, वहीत लिहून ठेवलेला.

मी बटणाच्या आधीच्या सीटवर, इस्पिकचा एक्का आणि इस्पिकची राणी. मधल्या सीटवरच्यानं १०० चा लिंप केला. मी ४०० केले. बिग ब्लाइंड आणि लिंपर दोघं आले. पॉट १,२५०. फ्लॉप: बदामची राणी, किलवरची अठ्ठी, चौकटची तिर्री. दोघांनी चेक केलं, मी ७०० लावले, ब्लाइंड पॅक, लिंपर कॉल. पॉट २,६५०. टर्न इस्पिकची पंजी. त्यानं चेक केलं, मी १,४००, त्यानं कॉल. पॉट ५,४५०. रिव्हर बदामची अठ्ठी. आणि आतापर्यंत नुसता चेक-कॉल करणारा माणूस एकदम ५,००० लावतो.

मला ५,००० टाकून १५,४५० च्या पॉटसाठी खेळायचं होतं. ३२ टक्के लागतात. आता त्याचे हात मोजू. अठ्ठी असलेले सुटेड हात: चौकटचा एक्का-अठ्ठी १, नव्वी-अठ्ठी २, अठ्ठी-सत्ती २, चौकटची राणी-अठ्ठी १. तिर्रीच्या जोडीचे ३, पंजीच्या जोडीचे ३. मला हरवणारे एकूण १२. हुकलेले हात: सुटेड गुलाम-दहेला ४ आणि दहेला-नव्वी ४, हे दोन्ही सिक्वेन्सचं मधलं पान शोधत होते. एकूण ८. तो आठही हातांवर ब्लफ करत असेल, म्हणजे हातात काही नसताना पैसे लावत असेल, तर मी २० पैकी ८ वेळा, ४० टक्के जिंकतो, कॉल बरोबर. निम्म्याच हातांवर करत असेल तर १६ पैकी ४, २५ टक्के, पॅक बरोबर. म्हणजे तो आठातले सहा हात तरी ब्लफ करतो का, एवढाच प्रश्न उरला.

त्या माणसाला मी तीन रात्री पाहत होतो. हुकलं की तो चेक करून गप्प पानं टाकून द्यायचा, एकदाही ब्लफ करताना दिसला नव्हता. मी राणीची जोडी पॅक केली. त्याच्याजवळ काय होतं ते दिसलं नाही आणि दिसायची गरजही नव्हती.

फुकटच्या चिप्सवर कोणी पॅकच करत नाही. मग हे सगळं शिकून उपयोग काय?

उपयोग जास्तच आहे, फक्त ब्लफ जवळजवळ बंद करा. जो सगळ्याला कॉल करतो त्याच्यापुढे चांगला हात आला की मोठे पैसे लावा, पॉटच्या तीन चतुर्थांश किंवा पूर्ण, तिन्ही फेऱ्या. आमच्यासारखं ओळखीच्या आठ-नऊ जणांचं खासगी टेबल केलं, महिनाभराचा हिशोब वहीत ठेवला आणि चिप्स संपल्यावर त्या रात्री पुन्हा घ्यायच्या नाहीत असा नियम केला, की लोक आपोआप जपून खेळायला लागतात. करून पाहा, फरक आठवड्यात दिसतो.

नेटवर्क गेलं तर?

वेळ संपला की ॲप तुमचा हात आपोआप पॅक किंवा चेक करतं. त्यात टाकलेल्या चिप्स गेल्या समजायच्या. शेतात एकच कांडी दिसत असेल तर मोठ्या पॉटमध्ये जाऊ नका. रात्रपाळीची लाईन आली आणि मोटार चालू करायला उठायचं असेल तर आधी सिट-आउट (पुढचे हात न घेण्याचं बटण) दाबा, मग उठा.

दहेला-दुर्री घेऊन कोणी जागतिक स्पर्धा जिंकली म्हणतात, ते खरं आहे का?

खरं आहे. डॉयल ब्रन्सन यांनी वर्ल्ड सीरिज ऑफ पोकरची मुख्य स्पर्धा १९७६ आणि १९७७ अशी सलग दोनदा जिंकली, आणि दोन्ही वर्षी शेवटच्या हातात त्यांच्याकडे दहेला-दुर्री होती. दोन्ही वेळा फुल हाउस (तीन सारखी पानं आणि एक जोडी) लागलं. पण तेव्हा टेबलावर दोघंच उरले होते. नऊ जणांत दहेला-दुर्री पॅकच.

समोरच्याबद्दल काय लिहून ठेवायचं?

तीन गोष्टी पुरतात: लिंप करतो का, हुकल्यावर पैसे लावतो का, आणि मोठे पैसे लावले तेव्हा शेवटी काय दाखवलं. अंदाज लिहू नका, उघडलेली पानंच लिहा. ॲपमध्ये नोट लिहायची सोय असते, पण फोन बदलला की ती जाते. म्हणून मी शंभर पानी वही ठेवतो. वरच्या त्या लिंपरच्या पानावर अजून एवढंच आहे: "लिंप, चेक, कॉल. दहेला-नव्वी हुकली, रिव्हरवर चेक केलं. ५,००० लावले, पाहिलं नाही." पुढच्या वेळी त्यानं मोठे लावून पानं उघडली की खाली तारीख टाकून लिहीन.